एका माणसाची ऊब

गार हवा पुरवणं हा माझा धंदा. फ्रिज, एसी, दुकानांतल्या थंड पेट्या, दुधाच्या कोल्डरूम, जिथे म्हणून काही गार ठेवायचं असतं तिथे मला बोलावणं येतं. सासरी माझं नाव 'गारेगार' पडलं ते लग्नाच्या मांडवातच, आणि अजून काही सुटलेलं नाही. मलाही ते आवडतं. तापलेल्या गच्चीवर बंद पडलेल्या मशीनला कान लावून बसावं, तिचं नेमकं दुखणं हुडकावं, आणि खाली खोलीत पहिली झुळूक गेली की माणसांनी 'आहाऽ' करावं, यासारखं सुख नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की उन्हात फिरून याच्या डोक्यावर परिणाम झालाय. तसं काही नाही. मी मोजून बोलणारा माणूस आहे.

आणि सध्या मी अगदी खुशीत आहे. आमच्याकडे सायक्लेमेन फुललंय!

सायक्लेमेन म्हणजे काय, हे गेल्या वर्षापर्यंत मलाही धड ठाऊक नव्हतं. थंड हवेतलं झाड आहे. चपटा कंद, अर्धा मातीत आणि अर्धा वर. त्यातून पत्त्यांतल्या बदामासारखी पानं निघतात, त्यांच्यावर चांदीची नक्षी. फुलं मान खाली घालून उभी असतात, पण पाकळ्या मात्र उलट्या मागे वळलेल्या, समोरून जोराचा वारा आल्यासारख्या. थंडीत फुलायचं आणि उन्हाळाभर झोपायचं, असा त्याचा उलटा कारभार. माझ्या सासूबाई डोंगरातल्या एका थंड गावात राहायच्या, त्यांच्याकडे असं एक होतं. त्या त्याला 'झोपाळू' म्हणायच्या. माझ्या बायकोच्या जन्माआधीपासून ते त्यांच्या खिडकीत होतं आणि त्याचा कंद वाढून वाढून बशीएवढा झाला होता. या कंदाचं बटाट्यासारखं नसतं, तुकडे करून लावले की झाली चार झाडं. एक कंद म्हणजे एकच झाड. ते गेलं की गेलं.

उन्हाळा लागता लागता सासूबाई गेल्या. त्यांचं घर आवरून बायको परत आली ती मांडीवर ही कुंडी घेऊन. बाकी कशालाही तिनं हात लावला नव्हता.

तिच्याबद्दल एक सांगायला हवं. आमची ही हसायला लागली की खालच्या मजल्यावरची माणसं विचारायची, आज काय झालं हो? मी दमून घरी यायचो तो ते हसू ऐकायला. आई गेल्यावर ते बंद झालं. रडणंही नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची आणि कुंडीसमोर बसून राहायची. घरात दोन माणसं आणि आवाज काय तो फ्रिजचा. मी हजार मशीनं दुरुस्त केली असतील, पण हिच्यापुढे माझा एक पान्हा चालेना.

त्यातच झाडाची पानं पिवळी पडून गळू लागली. ही घाबरली आणि रोज वरून तांब्यानं पाणी ओतायला लागली. मी बोटानं कंद दाबून पाहिला तर एका बाजूला तो मऊ लागला. मग मात्र मी हिच्या मावशीला फोन लावला. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, त्याच गावातली.

"अहो जावईबापू, झोपलंय ते!" मावशी ओरडलीच. "झोपलेल्या माणसाच्या तोंडात कुणी पाणी ओततं का? आधी बंद करा. कुंडी आडवी करा आणि गार जागी ठेवा. तुमच्याकडे आहे का गार जागा?"

हा प्रश्न, आणि मला!

स्वयंपाकघराच्या मागे आमची अडगळीची खोली होती. ती रिकामी केली. एक आइस्क्रीमचं दुकान बंद झालं होतं, त्याच्या कोल्डरूमचे जाड पॅनल आणि छोटं मशीन माझ्याकडे पडून होतं. चारी भिंतींना आणि छताला पॅनल मारले, दाराला नवं रबर बसवलं, कंप्रेसर बाहेर गॅलरीत ठेवला, आत पांढऱ्या दिव्याची एक पट्टी लावली. लग्नानंतर पहिल्यांदाच घरचं काम मी इतक्या हौसेनं करत होतो! खोली चौदा अंशांवर स्थिर झाली तेव्हा हिला हाताला धरून आत नेलं. मुळात ही थंडीला भित्री, पंखा जोरात लावला तरी पायात मोजे घालणारी. शाल लपेटून तिनं एकदा सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आईच्या खिडकीत असंच वाटायचं." तेवढंच म्हणाली, पण न विचारता म्हणाली.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. खोली गार करायची तर तिचा लोड, म्हणजे आत एकूण किती ऊब जमते ते, काढावा लागतो. भिंतींतून किती धग शिरणार, दिव्याची ऊब किती, दार किती उघडणार, आणि आत माणसं किती. हो, माणसंसुद्धा! नुसता बसलेला माणूस म्हणजे जुन्या पद्धतीचा शंभराचा बल्ब, तेवढी ऊब तो सारखा फुकट वाटत असतो. नाटकाच्या थिएटरात एसी बसवताना आम्ही आधी खुर्च्या मोजतो त्या याचसाठी. आमच्या खोलीत कुणी राहणार नव्हतं, त्यामुळे कंप्रेसर थोडा चालणार आणि बराच वेळ पडून राहणार, असा माझा हिशेब होता. उन्हाळाभर तो तसाच चालला, जराही इकडेतिकडे नाही.

पावसाळा सरताना एका सकाळी मी दाढी करत होतो आणि आतून हाक आली, "अहोऽ! लवकर या!"

मी अर्ध्या तोंडाला फेस घेऊन धावलो. ही कुंडीपुढे उकिडवी बसली होती. कंदाच्या डोक्यावर, वाळलेल्या देठांच्या मधे, मोहरीएवढा एक लालसर कोंब होता. "उठलं," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघून हसली. खालचे लोक विचारतील असं नाही, पण हसली. तो फेस मी दुपारपर्यंत पुसला नसता तरी चाललं असतं.

मग तिनं सगळं आईच्या पद्धतीनं सुरू केलं. पाणी वरून द्यायचं नाही, कंदाच्या खळग्यात ते साचतं आणि कुजवतं. कुंडीखाली बशी, बशीत पाणी, झाड आपलं आपण पिऊन घेतं. आणि नळाचं गार पाणी तसंच द्यायचं नाही. पाण्याची वाटी दोन्ही तळव्यांत धरून बसायचं, त्याचा गारठा मोडेपर्यंत.

"गॅसवर ठेव की जरा," मी म्हणालो.

"आई हातातच धरायची," ती म्हणाली. "गॅसवरचं ते पीत नाही."

मी हसलो. बायको बोलतेय, भांडतेय, हट्ट करतेय, आणखी काय पाहिजे माणसाला?

कोंबाची पानं झाली. एकेक पान उलगडलं की आमच्या घरात बारसं! ही मला ओढून न्यायची, नक्षी दाखवायची, मी समजल्यासारखी मान डोलवायचो. पाहता पाहता कुंडी भरली, पानांखाली कळ्या दिसायला लागल्या. आणि याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की कंप्रेसर जास्त चालतोय.

आधी बरंच वाटलं. घरच्या घरी बिघाड! मी रबर तपासलं, कागदाची पट्टी दारात अडकवून ओढून पाहिली, घट्ट. पॅनलचे जोड पाहिले, मशीनमधला गॅस पाहिला, पंख्याची मोटर पाहिली. दिवा काढून ठेवला. कुठे काही नाही. बाहेर हवा निवत चाललेली, म्हणजे काम उलट कमी व्हायला हवं. शेवटी कंप्रेसरला मीटर लावून हिशेब मांडला, तेव्हा जास्तीचा लोड किती निघावा? शंभराच्या एका बल्बाइतका. ना कमी, ना जास्त.

"आपल्या खोलीत कोणीतरी बसलंय बरं का," मी जेवताना थट्टेनं म्हणालो. "एका माणसाचा लोड येतोय."

ही भाजी वाढत होती. "बसू दे की," म्हणाली. "जागा आहे."

दुसऱ्या दिवशी मी कुंडी उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि खोली रिकामी चालवली. लोड पुन्हा पूर्वीसारखा. कुंडी आत नेली, लोड हजर! मी अक्षरशः टाळी वाजवली. हे झाड तापत होतं! काही झाडं फुलताना ऊब सोडतात हे मी कुठेतरी ऐकलं होतं, पण एका कुंडीनं माणसाएवढी? माझ्याकडे तापमान मोजायची बंदूक आहे. घोडा दाबला की लाल ठिपका पडतो आणि ठिपक्यावर किती अंश आहेत ते आकड्यात येतं. मी ती रोखली. भिंत चौदा. माती चौदा. पानं चौदाच्या जरा वर.

कंद सदतीस.

मी बोट लावून पाहिलं. जिवंत माणसाच्या मानेला हात लावावा तसा लागला तो.

माझं मन उड्या मारायला लागलं. आपल्या अडगळीच्या खोलीत एवढी मोठी गोष्ट! शास्त्रज्ञ येतील, फोटो निघतील, गारेगारचं नाव होईल! पण आधी खात्री हवी, म्हणून पुन्हा मावशीला फोन केला.

"मावशी, सासूबाईंकडे असताना हा कंद कोमट लागायचा का हो?"

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मी कधी हात लावला नाही. ताई लावू द्यायची नाही."

"मग त्यांना स्वतःला काही जाणवलं असेल की."

"तिचे हात गार असायचे," मावशी म्हणाली. "बाराही महिने. पाण्यातलं काम फार करते म्हणून असेल, असं आम्ही आपलं म्हणायचो." मग तिनं विचारलं, "आत जाताना शाल घेते ना ती?"

"सासूबाई?"

"तुमची बायको, जावईबापू."

मी 'घेते' म्हणालो. खरं तर शाल किती तरी दिवस दाराच्या खुंटीला तशीच लटकत होती. आता ती साध्या कॉटनच्या कपड्यांत आत तासन्‌तास बसायची, दुपारची डुलकीही तिथेच काढायची. सवय झाली असेल, असं मी धरून चाललो होतो. आणि तिचं चाललं होतं इतकं छान! पहिलं फूल उमललं त्या दिवशी ती इतकी मोठ्यानं हसली की खालच्या वहिनी खरंच वर आल्या. "काय हो, काय झालं?" कित्येक महिन्यांनी तो प्रश्न आमच्या दारात आला होता.

असंच एकदा सकाळी ही आत सुकलेली फुलं काढत होती. ती कात्रीनं कापत नाहीत. देठ बुडाशी धरून पीळ द्यायचा आणि हलकेच ओढायचा, म्हणजे कंदावर खुंट राहत नाही. मी चहाचा कप घेऊन बाहेर मीटरसमोर बसलो होतो. आतून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

मीटरचा आकडा हलत नव्हता.

मी आत जाऊन बसलो की आकडा चढतो, हे मी पाहिलेलं होतं. चढायलाच हवा, माणूस म्हणजे बल्ब. झाडाचा एक आणि हिचा एक, असे दोघांचे दिसायला हवे होते.

दिसत होता एकाचाच.

मी कप खाली ठेवला, दार उघडून आत गेलो. माझ्या उबेनं मागे मीटरचा आकडा आता चढत असणार, ते मला न बघताही कळत होतं.

"हात वर कर," मी बंदूक रोखून म्हणालो.

"अगंबाई, दरोडेखोर!" ती खिदळली आणि खरंच दोन्ही हात वर केले. लाल ठिपका तिच्या तळव्यावर पडला.

चौदा.

कपाळावर धरला. चौदा.

गळ्यावर. चौदा.

बंदूक बिघडली की काय म्हणून स्वतःच्या तळहातावर मारली. तेहतीस. कंदावर मारली. सदतीस.

"काय आलं?" तिचे डोळे नुसते चमकत होते. "सांगा ना!"

"नॉर्मल," मी म्हणालो.

दुपारी ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती तेव्हा मी मागून हळूच पुन्हा मोजलं. भिंत तीस. डब्यांची फळी तीस. तिची मान तीस.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मेन स्विच माझ्या हाताशी होता. एक खटका पाडला की खोली संध्याकाळपर्यंत तापेल, झाड पानं टाकेल, झोपेल. पण कंद सदतीसवर होता आणि ती तीसवर, आणि यातलं काय बंद केलं म्हणजे काय बंद पडतं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. एका कंदाचे दोन होत नाहीत. आत ती फोनवर मावशीला फुलांचा रंग सांगत होती, आणि मधेच जोरात हसली.

मी स्विचवरून हात काढला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कळ्या माना टाकायला लागल्या. पानं मरगळली. आणि तीही. हसू नाही, नुसतं बसणं. पुन्हा घरात फ्रिजचा आवाज ऐकू येऊ लागला. मशीन तपासलं, दिवा तपासला, माती तपासली. आत गेलो तर ती वाटी तळव्यांत धरून बसली होती, कधीची कोण जाणे.

"अहो," ती म्हणाली, "माझ्या हातात आता गारठा मोडतच नाही. बघा ना. तसंच गार राहतं पाणी." तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. आई गेली तेव्हाही ते आलं नव्हतं. "असं दिलं तर ते जायचं हो."

मी तिच्याकडे बघितलं. उन्हाळ्यातली ती, कुंडीसमोर मुक्यानं बसलेली, मला आठवली. तशी मला ती पुन्हा नको होती. कुठल्याही हिशेबात नको होती.

"आण इकडे," मी म्हणालो. "मी धरतो."

वाटी बर्फासारखी होती. पाणी कोमट व्हायला वेळ लागेल असं वाटलं होतं, पण नाही लागला. हातांतून मनगटापर्यंत, कोपरापर्यंत काहीतरी हळूच ओघळत गेल्यासारखं वाटलं, आणि पाण्याचा गारठा मोडला. तिनं ते बशीत ओतलं. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून बघत राहिलो. बशी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या कळ्या ताठ! आणि ही दारात उभी राहून हसतेय! मीही हसलो. खालच्या वहिनी वर आल्या.

तेव्हापासून रोजची वाटी माझ्याकडे. कंप्रेसर आता सारखा चालतो, दोन माणसांचा लोड ओढतो बिचारा. त्याच्या जागी मोठं मशीन बसवणार आहे. शास्त्रज्ञांचं मी सध्या मनातून काढून टाकलंय. उगाच दार उघडं राहतं. मावशी फोनवर म्हणते की उन्हाळा आला की ते परत झोपणार, मग काय कराल? मी हिला विचारलं. ती म्हणाली, "झोपू दे की. ते झोपलं की आपणही मस्त झोपू!" आम्ही कितीतरी वेळ हसत होतो. पण उन्हाळ्याला अजून अवकाश आहे.

आणि फुलं काय आलीत म्हणून सांगू! एका कुंडीत मावत नाहीत. गडद गुलाबी, पाकळ्या मागे फेकलेल्या, नुसती झुंबड. तुम्ही एकदा याच बघायला. आत आलात की दार पटकन लावून घ्या. आणि येताना आपापली शाल आणा. आमच्या घरात आता एकही नाही. लागत नाही, म्हणून परवाच सगळ्या देऊन टाकल्या.